७९ आणि ८०: सीसॅटचा पेपर समजून घेताना

गेल्या खेपेला माझी भाची केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत अडकली ती दुसऱ्या पेपरात. पहिला पेपर, म्हणजे इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थकारण वगैरे, तिने छान सोडवला होता. पण दुसऱ्या पेपरात ६६ गुण लागतात आणि तिला पडले ६५.८३. त्यामुळे तिचा पहिला पेपर गुणवत्ता यादीसाठी कोणी विचारातच घेतला नाही.

मी इंदुरातल्या एका शाळेत पुष्कळ वर्षं गणित शिकवलं. घरात गणिताची आत्या असून पोरगी गणिताच्या पेपरात राहिली, असं सगळे नातेवाईक म्हणाले. मलाही आधी तेच वाटलं आणि फार लागलं. मग उत्तरसूची आल्यावर आम्ही दोघींनी जेवणाच्या टेबलावर प्रश्नपत्रिका उघडली आणि एकेक प्रश्न तपासत गेलो. त्या संध्याकाळी मला कळलं, की हा गणिताचा पेपर नाहीच. बरीच मुलं आणि त्यांचे आईवडीलही माझ्यासारखंच धरून चालतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पेपरची ओळख. २०११ साली पूर्वपरीक्षेतला वैकल्पिक विषय काढून त्याच्या जागी हा कलचाचणीचा पेपर आला. सगळे त्याला सीसॅट म्हणतात. आयोगाच्या कागदावर तो सामान्य अध्ययन पेपर दोन आहे. पहिली चार वर्षं त्याचे गुण यादीत धरले जात. इंजिनिअरिंग आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांना त्याचा फायदा होतो, हिंदी आणि इतर भाषांतून शिकलेल्यांवर अन्याय होतो, म्हणून २०१४ मध्ये दिल्लीत मोठं आंदोलन झालं. २०१५ पासून हा पेपर फक्त पात्रतेपुरता उरला. ३३ टक्के मिळवा आणि पुढे जा, यादी पहिल्या पेपरावर लागेल.

‘फक्त पात्रतेपुरता’ या शब्दांनी मुलांचं जेवढं नुकसान केलं तेवढं कठीण प्रश्नांनी केलं नसेल. ३३ टक्के म्हणजे शाळेतलं काठावर पास, ते तर कुणीही होईल, असं वाटतं. मग वर्षभर सगळा जोर पहिल्या पेपरावर आणि दुसऱ्याला शेवटचे पंधरा दिवस. २०२३ साली दोन्ही पेपर कठीण आले. खुल्या प्रवर्गाची पहिल्या पेपराची कटऑफ, म्हणजे पुढे जायला लागणारे किमान गुण, आदल्या वर्षी ८८.२२ होती, ती त्या वर्षी थेट ७५.४१ वर आली. दुसऱ्या पेपरातली ६६ ची रेघ मात्र जागची हलली नाही. पहिल्या पेपराची रेघ त्या वर्षीच्या मुलांप्रमाणे वर-खाली होते. दुसऱ्याची होत नाही, आणि सगळ्या प्रवर्गांना ती सारखीच आहे.

तुकड्यांचा हिशोब

दुसऱ्या पेपरात ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. बरोबर उत्तराला अडीच गुण. चूक उत्तराला त्याचा एक तृतीयांश, म्हणजे ०.८३ गुण कापले जातात. प्रश्न सोडून दिला तर काही जात नाही.

दशांशात हा हिशोब डोक्यात बसत नाही. म्हणून मी ०.८३ ला एक तुकडा म्हणते. चुकलं की एक तुकडा गेला, बरोबर आलं की तीन तुकडे आले. ६६ गुणांना असे ७९.२ तुकडे लागतात. तुकडा अर्धा मिळत नाही, म्हणून लागणार ८०. बरोबर उत्तरांची तिप्पट करा, त्यातून चुकलेली वजा करा. ८० किंवा जास्त आले तर पास.

भाचीची ३१ उत्तरं बरोबर होती आणि १४ चूक. ३१ त्रिक ९३, वजा १४, उरले ७९.

एक तुकडा! तिने एक प्रश्न कमी सोडवला असता, १४ चुकांपैकी उत्तरपत्रिकेतला एखादा गोळा कोरा ठेवला असता, तरी ती पास होती. वहीत ७९ लिहून मी पेन खाली ठेवलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “आत्या, शेवटच्या पाच मिनिटांत मी सहा गोळे भरले गं.”

शेवटच्या पाच मिनिटांतल्या सहा गोळ्यांबद्दल नीट बोलायला हवं, कारण हे सगळेच करतात. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर चारात एकदा तीन तुकडे येतात, तीनदा एकेक जातो. सरासरीने हाती शून्य. आंधळा अंदाज सरासरीने ना फायद्याचा ना तोट्याचा. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर दोनांत एकदा तीन येतात, एकदा एक जातो, म्हणजे दर प्रश्नामागे सरासरी एक तुकडा फायदा. तिथे जरूर उत्तर द्या.

पण एक तिसरा प्रकार आहे आणि तो सर्वांत वाईट: अर्धवट सोडवलेलं गणित. पेपर काढणारा चुकीचे पर्याय उगीच कुठलेही देत नाही. मुलं जिथे चुकतात, तिथून येणारं उत्तर तो पर्यायात ठेवतो. मी स्वतः शाळेच्या परीक्षेचे पेपर काढताना हेच करत असे. घाईत एक पायरी राहिली तर जे उत्तर येतं, ते समोर हसत उभं असतं. तुम्ही ‘आलं!’ म्हणून गोळा भरता. आंधळ्या अंदाजात निदान चारात एकदा तरी नशीब साथ देतं. इथे तुम्ही स्वतःच चालत सापळ्यात जाता.

मग किती प्रश्न सोडवायचे? ते तुमच्या अचूकतेवर आहे. दहातलं एकच चुकत असेल तर ३१ प्रश्नांत काम होतं. दहात दोन चुकत असतील तर ३७ लागतात. दहात तीन चुकत असतील तर ४५. भाचीने बरोबर ४५ सोडवले होते आणि तिची चूक दहात तीनपेक्षा किंचित जास्त होती. म्हणून ती रेघेवरच येऊन पडली. अशा वेळी दोन वाटा असतात, आणखी प्रश्न सोडवायचे किंवा चुका कमी करायच्या. सगळे पहिल्या वाटेने जातात. वेळ तेवढाच असतो, घाई वाढते, चुका वाढतात. दुसऱ्या वाटेत कष्ट आहेत, पण तीच खरी वाट आहे. ४५ च प्रश्न सोडवायचे म्हटलं तर एका प्रश्नाला २ मिनिटं ४० सेकंद मिळतात. अडीच मिनिटांत शांतपणे दोनदा वाचून होतं.

१४ चुका कुठे झाल्या

आम्ही त्या १४ चुकांचे तीन ढीग केले. गणितच येत नव्हतं असे प्रश्न तीन. येत होतं पण घाईत चुकलं, असे तीन. आणि उतारा वाचून उत्तर द्यायचे, असे आठ.

हे पाहून मी खरंच थक्क झाले. वर्षभर तिने इंदुरातल्या भंवरकुआंच्या क्लासमधून गणिताच्या वह्यांवर वह्या भरल्या होत्या. उताऱ्यांचा सराव शून्य, कारण ‘वाचता तर येतंच ना’. अलीकडच्या पेपरांत साधारण एक तृतीयांश प्रश्न उताऱ्यांवर असतात. ज्याचं गणित कच्चं आहे, त्याची खरी पुंजी इथे आहे, आणि हेच सगळ्यांत दुर्लक्षित राहतं.

एक उतारा मीच तयार करून देते, आपल्या गावचाच.

‘इंदूर शहराला लागणारं बहुतेक पाणी सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या नर्मदेतून येतं. नदी शहराच्या पातळीपेक्षा बरीच खाली असल्याने हे पाणी पंपांनी वर चढवावं लागतं आणि त्यासाठी मोठ्या प्रमाणावर वीज लागते. वस्ती वाढते आहे, तशी शहराची पाण्याची मागणीही वाढते आहे.’

प्रश्न: यातून कोणतं अनुमान निघतं? पहिला पर्याय, इंदूरने पावसाचं पाणी साठवायला हवं. दुसरा, नर्मदेचं पाणी विहिरींच्या पाण्यापेक्षा शुद्ध असतं. तिसरा, वाढती मागणी नर्मदेतूनच भागवायची ठरली तर पाणी चढवायला जास्त वीज लागेल. चौथा, इंदूरला नर्मदेशिवाय पाण्याचा दुसरा स्रोत नाही.

हा उतारा मी भाचीला दिला. तिने पहिला पर्याय निवडला. का, विचारलं तर म्हणाली, “बरोबरच आहे ना ते! साठवायलाच हवं.”

बरोबर आहेच. पण उताऱ्यात ते आहे कुठे? उताऱ्यात पावसाचं नावही नाही. ती शहाणी नागरिक म्हणून उत्तर देत होती, आणि प्रश्न वाचकाला विचारलेला होता. पहिल्या पेपराचा अभ्यास केलेल्या मुलांचं हेच होतं. डोक्यात इतकी माहिती आणि इतकी मतं असतात की उतारा वाचता वाचता ती आपलीच भर घालतात. दुसरा पर्यायही असाच, विहिरींचं नाव उताऱ्यात नाही. चौथा पर्याय वेगळ्या कारणाने चूक आहे. उतारा ‘बहुतेक’ म्हणतो, पर्याय ‘दुसरा नाहीच’ म्हणतो. यशवंत सागर तलावाचं पाणीही शहराला मिळतं, हे इंदूरकराला माहीत असेल, पण ते माहीत नसतं तरी एका ‘बहुतेक’ या शब्दावर हा पर्याय बाद करता आला पाहिजे. उरला तिसरा. तो रुक्ष वाटतो, त्यात शहाणपणाचं काही नाही, आणि म्हणूनच मुलं त्याच्याकडे बघत नाहीत. उताऱ्यातली दोन वाक्यं जोडली की तो आपोआप निघतो, बाहेरचं काही आणावं लागत नाही.

आता ‘अनुमान’ या शब्दाकडे जरा बघा. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते. मराठीत मुख्य परीक्षा लिहिता येते, पूर्वपरीक्षा नाही. रोजच्या हिंदीत अनुमान म्हणजे अंदाज. ‘अनुमान है कि कल बारिश होगी’. पेपरात मात्र अनुमान म्हणजे अंदाज नव्हे. उतारा खरा मानला तर जे खरं असायलाच हवं, ते अनुमान. मराठीत आपण निष्कर्ष म्हणू. अंदाज म्हणून वाचलंत की चारही पर्याय शक्य वाटायला लागतात.

दुसरा जोडीचा शब्द पूर्वधारणा, आपलं गृहीतक. मुलं या दोहोंत फार गोंधळतात. मी त्यांना आपल्याकडच्या जुन्या वाड्याचं सांगते. वाडा म्हणजे उतारा. त्याच्यावर चढवता येतो तो मजला म्हणजे निष्कर्ष. वाडा ज्यावर उभा आहे ते जोतं म्हणजे गृहीतक. जोतं दिसत नाही, लेखक ते सांगत नाही, पण ते काढलं तर वाडा कोसळतो. तपासायची रीतही त्यातच आहे. पर्याय उलटा करून बघा आणि वाडा टिकतो का पाहा. समजा लेखक म्हणतो, ‘शहराला पाणी अखंड मिळावं म्हणून नर्मदेवरच्या पंपांना स्वतंत्र वीजवाहिनी द्यावी.’ पर्याय आहे, ‘स्वतंत्र वाहिनीवरची वीज आताच्यापेक्षा कमी वेळा जाते.’ उलटा करा: स्वतंत्र वाहिनीवरचीही तितक्याच वेळा जाते. मग लेखकाच्या म्हणण्याला अर्थ राहिला का? नाही. म्हणजे हे गृहीतक आहे. दुसरा पर्याय, ‘स्वतंत्र वाहिनी स्वस्त पडते.’ उलटा करा: महाग पडते. तरी लेखक म्हणू शकतो, महाग पडो, द्या. वाडा उभाच. म्हणजे हे गृहीतक नाही.

ही उलटवून बघायची सवय लागायला महिनाभर रोज दोन उतारे पुरले. उत्तर दिलं की पुरावा दाखवायचा, उताऱ्यातल्या कुठल्या शब्दांवरून, तिथे बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही तर उत्तर बरोबर असलं तरी मी ते धरत नसे. पहिले आठ-दहा दिवस ती चिडायची.

भाषेतले खड्डे

हे फक्त आपल्या मराठी मुलांसाठी, कारण बाकी कुणी ते सांगणार नाही.

इंदुरात वाढलेल्या मुलाची हिंदी तोंडपाठ असते, घराबाहेर तो हिंदीतच बोलतो. पण महाराष्ट्रातून आलेली मुलं, किंवा इथलीच इंग्रजी माध्यमातली घरी मराठी बोलणारी मुलं, उताऱ्यातली संस्कृतप्रचुर हिंदी वाचायला लागली की नकळत मराठी अर्थ धरतात. शब्द दिसायला तेच, अर्थ वेगळा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. संशोधन म्हणजे दुरुस्ती, जशी घटनेतली, आपल्याकडे शोध. व्यवहार म्हणजे वागणूक, आपल्याकडे देणंघेणं. आपत्ति म्हणजे हरकत, आपल्याकडे संकट. चेष्टा म्हणजे प्रयत्न! आणि सगळ्यांत घातक ‘की अपेक्षा’. ‘नगरों की अपेक्षा गाँवों में खपत कम है’ म्हणजे शहरांच्या मानाने गावांत वापर कमी. इथे कुणी कसली अपेक्षा केलेली नाही. तुलनेचा शब्दच निसटला तर प्रश्न कसा सुटणार?

गणितातही हेच. मी भाचीला लहानपणापासून मसावि, लसावि शिकवले. पेपरात येतं महत्तम समापवर्तक आणि लघुत्तम समापवर्त्य. अपूर्णांकाला भिन्न म्हणतात, गुणोत्तराला अनुपात, सरासरीला औसत, मूळ संख्येला अभाज्य संख्या, बाकीला शेषफल. अवघड काही नाही, पंचवीस-तीस शब्दांचं एक पान करून भिंतीला लावलं की संपलं. पण पेपरात एका शब्दावर अर्धं मिनिट अडखळणं परवडत नाही.

प्रश्नपत्रिकेत दोन्ही भाषा छापलेल्या असतात. मी सांगते, एक भाषा ठरवा आणि शेवटपर्यंत तीच वाचा. अडलं तरच दुसरीकडे नजर टाका. हिंदीतलं भाषांतर कधी कधी फार जड असतं, तिथे इंग्रजी वाक्य बघितलं की गाठ सुटते. पण प्रत्येक उतारा दोन्ही भाषांत वाचत बसलात तर वेळ कुठून आणणार?

गणित, पण बेताचं

आयोगाचं म्हणणं आहे की अंकज्ञान दहावीच्या पातळीचं आहे. हे खरं आहे आणि नाहीही. सूत्रं दहावीपलीकडची नसतात, प्रश्न मात्र डोकं चालवायला लावतात. अलीकडे संख्यांच्या गुणधर्मांवर जोर आहे: भाज्यता, बाकी, एकक स्थानचा अंक, अंकांची अदलाबदल. त्यामागोमाग किती प्रकारे मांडता येईल, किती प्रकारे निवडता येईल, असे प्रश्न.

एक उदाहरण घेऊ. दोन अंकी संख्या आहे, अंकांची बेरीज ११. अंक उलटे केले की संख्या २७ ने वाढते. संख्या कोणती? पर्याय २९, ३८, ४७, ५६. शाळेत मी याला दोन समीकरणं मांडायला लावत असे आणि पायऱ्यांना गुण देत असे. इथे पायऱ्यांना गुण नाहीत. चारही पर्यायांची बेरीज ११ च आहे, म्हणजे ती अट तपासूच नका. उलटे करा. २९ चे ९२, फरक ६३. ३८ चे ८३, फरक ४५. ४७ चे ७४, फरक २७. झालं, वीस सेकंदांत. ज्या बाईने आयुष्यभर समीकरण मांडायला शिकवलं तिला हे सांगताना जड जातं, पण या पेपरात उत्तराकडून प्रश्नाकडे जाणं ही चलाखी नव्हे, रीत आहे.

दुसरं: ७ चा ९४ वा घात केला तर एकक स्थानी कोणता अंक येईल? घाबरायचं कारण नाही. ७, मग ४९ चा ९, मग ३, मग १, आणि पुन्हा ७. दर चारने चक्र फिरतं. ९४ ला ४ ने भागलं तर बाकी २, म्हणजे दुसरा अंक, ९.

आणि तिसरं माझ्या आवडीचं, विदा, म्हणजे दिलेली माहिती, पुरेशी आहे का ते ठरवायचं. प्रश्न: क्ष सम आहे का? विधान एक, क्ष ची तिप्पट सम आहे. विधान दोन, क्ष मध्ये ५ मिळवले तर विषम संख्या येते. बहुतेक मुलं म्हणतात, दोन्ही विधानं एकेकटी पुरेशी. दुसरं एकटं पुरेसं आहेच. पण पहिलं? क्ष पूर्णांक आहे असं प्रश्नात कुठे म्हटलंय? क्ष दोन तृतीयांश असेल तर तिप्पट २, म्हणजे सम, आणि क्ष मात्र समही नाही, विषमही नाही. तेव्हा पहिलं विधान एकटं पुरेसं नाही. बघा, हा गणिताचा प्रश्न वाटतो, पण चूक होते ती वाचण्यातच. न लिहिलेलं ‘पूर्णांक’ आपणच मनात घातलं, जसं उताऱ्यात पावसाचं पाणी घातलं होतं.

कला शाखेतून आलेल्यांनी टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग आणि भाज्यता एवढंच आधी पक्कं करावं, शालेय पुस्तकांतून. शॉर्टकटच्या पुस्तकांनी सुरुवात करू नये. जे समजलेलं नाही त्याचा शॉर्टकट लक्षात राहत नाही. दिवसाला एक तास, निदान सहा महिने आधीपासून. गणित चांगलं असलेल्यांना एवढा वेळ लागणार नाही. त्यांनी आठवड्याला एक पूर्ण पेपर सोडवावा, पण उताऱ्यांसह. बैठकव्यवस्था, नातेसंबंध, दिशा, घड्याळ हे तर्काचे प्रश्न, ते सरावाने बसतात, त्यात सांगण्यासारखं फार नाही. अभ्यासक्रमात निर्णयक्षमतेचंही नाव आहे. सुरुवातीच्या वर्षांत त्यावर प्रश्न येत आणि त्यांत चुकलं तरी गुण कापत नसत. आता ते दिसत नाहीत, त्यांच्यामागे लागू नये.

राज्य आयोगाच्या परीक्षा देणाऱ्यांनाही हे बहुतेक लागू पडतं. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं कार्यालय आपल्या इंदुरातच आहे, त्यांचा सामान्य अभिरुचि परीक्षणाचा पेपरही पात्रतेपुरताच आहे. महाराष्ट्राच्या आयोगानेही आपला दुसरा पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेवर आणला. प्रत्येकाची रेघ आणि गुण कापायची पद्धत सारखीच असेल असं नाही, तेव्हा तुकड्यांचा हिशोब ज्याचा त्याने नव्याने मांडावा.

अडीच वाजता

तयारीची सुरुवात मी एका जुन्या पेपराने करायला सांगते, काहीही न वाचता. आयोगाच्या संकेतस्थळावर जुने पेपर आहेत. २०१५ च्या पुढचे घ्या, सर्वांत ताजे दोन-तीन शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवा. रविवारी दुपारी अडीच ते साडेचार. घरच्यांना सांगून ठेवायचं, दार वाजवू नका. मग उत्तरं तपासून चुकांचे ढीग करायचे, जसे आम्ही केले. कुठला ढीग मोठा ते कळल्याशिवाय क्लास लावू नका, पुस्तक घेऊ नका. माझ्या भाचीचं अख्खं वर्ष चुकीच्या ढिगावर गेलं.

अडीच वाजताच का, असं मुलं विचारतात. कारण खरा पेपर अडीचलाच असतो. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा पहिला पेपर झालेला असतो, मध्ये तीन तास उन्हात. केंद्राबाहेर झाडाखाली मुलं घोळक्याने पहिल्या पेपराची उत्तरं ताडून बघत असतात, कुणाचा चेहरा पडलेला असतो, कुणी घरी फोन लावत असतं. डोकं तिथेच संपतं. सकाळी ताज्या डोक्याने सोडवलेले सराव पेपर मग फसवे ठरतात. पोटभर वरण-भात खाऊन अडीचला बसल्यावर तिसऱ्या उताऱ्याला डोळे कसे मिटतात, ते घरी एकदा अनुभवलेलं बरं. भाचीला आम्ही मधल्या वेळेचा डबा ठरवून दिला, दोन पोळ्या, भाजी आणि ताक. आणि पहिल्या पेपराबद्दल कुणाशीही एक शब्द नाही.

पेपर सोडवायचा फेऱ्यांनी. पहिल्या फेरीत वाचताच वाट दिसते तेवढेच प्रश्न. वाट दिसते पण वेळ लागेल, त्यावर खूण करून पुढे. खूण केलेले दुसऱ्या फेरीत. ज्याची वाटच दिसत नाही तो प्रश्न आपला नाही, कितीही ओळखीचा वाटला तरी. एका प्रश्नाला चार मिनिटं दिली म्हणून पाचवं द्यायचं नाही.

या वेळी परीक्षेहून ती थेट माझ्याकडे आली. प्रश्नपत्रिकेच्या कडेला तिने पेनाने बारीक खुणा केल्या होत्या, खात्रीच्या प्रश्नांच्या. दुसरी फेरी संपल्यावर मोजल्या तर ३४. दहात एक चुकेल असं धरून तिने मागच्या पानावर मांडलं होतं: ३० बरोबर, ४ चूक, ९० वजा ४, ८६. घड्याळात तेव्हा अकरा मिनिटं उरली होती. त्या अकरा मिनिटांत तिने नवा गोळा भरला नाही. ३४ उत्तरांचे गोळे प्रश्नक्रमांकाशी पुन्हा एकदा जुळवून पाहिले. भरताना एक गोळा एका ओळीने खाली जाता जाता वाचला होता, ते दाखवायला तिने पर्समधून तीच प्रश्नपत्रिका काढली.